बारा इंची कूलर

हॅलो?… हॅलो… हो, बोथच, कंप्युटर क्लास. कोण पायजे?… अक्का, तू व्हय. आवाज लय दुरून येऊन राह्यला… हो, पद्मजाच बोलते. दुसरं कोण उचलन?

जेवले… नाई, खरंच जेवले. बयनाबाईनं पिठलं-भाकर आणून देल्ली. चूल कुठं पेटते घरात, दहा दिवस शेजारचंच खायचं… अर्धी खाल्ली. आत्याबाईनं तर तेवढी बी नाई खाल्ली.

नाई, रडले नाई… काल बी नाई. अक्का, तू रोज एकच विचारते. येतच नाई तर काय करू. क्लासच्या पोरी येतात, गळ्यात पडून रडतात, मीच त्याईच्या पाठीवरून हात फिरवते. पाहणाऱ्याले वाटत असंन, नवरा गेला आणि ही बाई कशी गोट्यासारखी बसली. मले बी तसंच वाटते.

बरं, ते राहू दे. दुकानात पोचली का?… चंपतभाऊच्याच ना? बसस्टँडमागं पत्रे ठोकत बसतात ते?… हो, तेच. ह्याईच्या ओळखीचे. दर मंगळवारी फ्लॉप्या आणायले आदिलाबादले गेले की तिथं चहा पेत… त्याईचाच फोन हाये? मंग लवकर लवकर बोल, त्याईचं गिऱ्हाईक खोळंबन.

काय म्हणतात?… चोवीस इंची? नको, नको. चोवीस इंची पंख्याचा कूलर लग्नाच्या मांडवात ठेवतात. आमची क्लासची खोली बारा बाय दहा… हो, फूट. अगं ऐक ना, मोठा म्हणजे चांगला असं नसते. जेवढा मोठा कूलर तेवढं पाणी, तेवढी ओल. कंप्युटरले गर्मी चालत नाई तशी ओल बी चालत नाई. फ्लॉपीवर बुरशी धरते. हे नेहमी सांगत… हो. हेच सांगत.

अठरा इंची?… अठराच्या कूलरले समोरची खिडकी उघडी पायजे. हवा एकीकडून आली तर दुसरीकडून गेली पायजे, नाई तर खोलीचं न्हाणीघर होते. आणि खिडकी तर मी उघडत नाई.

दिवा हाये ना, म्हणून. अक्का, ह्याच खोलीत गेले ना हे. जीव गेला तिथंच दिवा ठेवायचा, दहा दिवस विझू द्यायचा नाई… तुले माहीत हाये, मंग काऊन विचारते. टेबलाच्या पायापाशी हाये. मी आता त्याच्याजवळच बसून बोलून राह्यले. आत्याबाई समोर बसल्या. पोरगा गेला त्याईचा, त्या उठतच नाईत. पाच दिवस झाले, आमी दोघी आळीपाळीनं वात सारतो, तेल घालतो. बस, एवढंच काम.

टोपली?… ठेवली ना टोपली पालथी. तरी खालून वारा शिरते. आणि भोवती पीठ पसरलं हाये. सकाळी उठून आत्याबाई त्याच्यात पावलं पाहतात, पोरगा कोणत्या जन्माले गेला म्हणून. काल म्हणल्या, पाखराची नखं दिसून राह्यली. मी वाकून पाह्यलं. मले तर पीठच दिसलं… कूलर लावला की ते पीठ उडन. मशीनमध्ये जाईन. दिवा जाईन आणि मशीन बी जाईन.

दिवा हलवू?… अक्का, असं बोलू नको. आत्याबाई इथंच हायेत. आवाज जाते बाहेर.

हो ना, मले बी तेच म्हणायचं हाये. पंखा लावता येत नाई, खिडकी बंद, मे महिना. दुपारी बारा वाजता मशीन चालू केली की साडेबाराले गोठते. पडदा निळा होते आणि बसते तशीच. पोरी म्हणतात, मेडम, वेडि, वेडि. मी म्हणते, गरम झालं ते मले काय सांगता, त्या मशीनले सांगा.

सोमवारी. सोमवारीच परीक्षा हाये, आज शुक्रवार… आदिलाबादचे सार येणार, प्रॅक्टिकल घेणार आणि त्याच दिवशी केंद्राची तपासणी बी करणार. अकरा पोरी. एकीले अर्धा घंटा धरला तरी मशीन साडेपाच घंटे चालली पायजे. एकापाठी एक. मध्ये गोठली की संपलं.

पुढं ढकलत नाईत. मी फोन केला होता त्याईले… म्हणले, बहुत अफसोस हुआ अम्मा, पण तारीख वरून आली, आता डिसेंबरात. आणि डिसेंबरपर्यंत केंद्र राहते का? कागद ह्याईच्या नावावर हाये. सोमवारी परीक्षा नीट झाली, तर ते माह्या नावावर करून देतो म्हणले. नाई झाली तर बंद. दुसऱ्या गावाले देतील.

अक्का, मले दुसरं काई येत नाई. भावजी म्हणतात, वहिनी, क्लास बंद करा, गावाकडं चला, तुमाले काई कमी पडू देणार नाई. चांगलेच हायेत ते. पण तिथं जाऊन मी काय करू? त्याईच्या कापसाच्या वावरात मी कोण? इथं मेडम तरी हाये… हो, म्हणून कूलर. दुसरं काई नाई. तू आता माप काढ आणि पाठव.

सोळा इंची?… सोळा बी खिडकीतून लावायचा म्हणजे दिव्याच्या अंगावरच वारा. टेबल त्याच खिडकीखाली हाये, आणि टेबलापाशीच…

हो. खुर्चीवरच होते. टेबलावर डोकं टेकवून. मले वाटलं, झोपले. चहा बी ठेवला बाजूले. बशी झाकून ठेवली, थंडा होऊ नये म्हणून. चहा थंडा होऊ नये, अक्का, त्या खोलीत. हात लावला तर आंग तापलेल्या तव्यासारखं. डॉक्टर म्हणले, लू लागली, बंद खोलीत बसले, लय वेळ झाला… टेबल फॅन होता ना. चालू होता. मशीनचं झाकण काढून फॅन तिच्याकडं वळवला होता. मशीन चालूच होती. तिले काई झालं नाई.

रडून नाई राह्यले. सांगून राह्यले. तू काऊन रडते दुकानात?… डोळे पूस. चंपतभाऊ काय म्हणतील.

अक्का, तुले एक सांगतलं नाई मी. आखाजीच्या दिवशी आमचं भांडण झालं. पुरणाचा सैपाक, खाली बसून बसून माह्या पाठीचं पाणी पाणी झालं. मी म्हणलं, सैपाकघरात एक पंखा तरी लावा. हे म्हणले, पंखा लावला की चूल विझते, थांब जराशी, आदी मशीनचं पाहू. झालं. मी म्हणलं, तुमाले त्या डब्ब्याचीच काळजी. बसा त्याच्यापुढं पंखा धरून, मेली तर मेली बायको. दोन दिवस बोलले नाई मी. मंग बोलले, पण मीठ-तेल आणा एवढंच. तेवढंच बोलणं शेवटपर्यंत.

आणि त्या दिवशी पंखा त्या डब्ब्याकडंच होता… हो गं, मले माहीत हाये माह्यानं काई झालं नाई. सगळे तेच म्हणतात. मी बी मान हालवते.

बरं, ठेवू का? तुले जो बरा वाटन तो घे. अठरा घे. दिव्याचं मी पाहीन काई तरी. ठेवते… काय?… कोण, चंपतभाऊ? काय म्हणून राह्यले?… बोथचा?… कोणता कूलर बोथचा?

थांब, थांब. नीट सांग. तयार होऊन पडला हाये?… कोणाच्या नावानं?… चिठ्ठी वाच. नाव वाच.

…हो. ह्याईचंच नाव ते. व्यंकटेश सार, बोथ… हे कूलर सांगून आले? मले तर काई बोलले नाईत. कवा?… तारीख पाहा चिठ्ठीवर.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. बरं… आणि मंगळवारी घेऊन जातो म्हणले होते. आदल्या सोमवारीच तर हे… चंपतभाऊले माहीत नव्हतं? सांग त्याईले. तूच सांग. मले आता नको बोलायले लावू त्याईच्याशी.

सांगतलं?… बरं. खुर्ची दे म्हणा त्याईले. पाणी प्यायले दे.

अक्का, माप काय हाये त्याचं?… बारा इंची? बारा इंची पंखा?… नाई नाई, काई तरी चुकलं. बारा इंचीनं ही खोली कुठं थंडी होते. ह्याईले एवढं कळत होतं. सगळ्या गावाले तेच सांगत, खोलीचं माप काढा, मंग पंख्याचं माप सांगा. आणि स्वतःच… खिडकीचं काय लिहिलं?… दीड बाय दीड? आमची खिडकी तीन बाय चार हाये, अक्का. पडद्याचं कापड मीच आणलं होतं. दीड फुटाचा कूलर तीन फुटाच्या खिडकीत ठेवला तर बाजूनं मांजर येईन-जाईन.

चुकलं त्याईचं. उन्हात डोकं चालत नसंन. डोळ्यासमोर अंधारी येते असं म्हणत होते दोन-तीन दिवस… हो ना. तिनदा तिनदा मोजणारा माणूस. आता काय. परत घ्या म्हणा तो, आणि अठराचा द्या.

अजून काय लिहिलं?… वाच. सगळं वाच… "पाण्याचं तोंड उजवीकडं." उजवीकडं तर भिंत हाये खिडकीच्या. पाणी कुठून टाकणार? उजवीकडं काईच नाई… "घोडी पाच फूट उंच." कूलरचं स्टँड एवढं उंच कायले? टेबलाच्या वर?… "जाळीच्या पट्ट्या खाली झुकत्या." खाली?

काऊन खाली? कंप्युटर तर टेबलावर हाये. खाली झुकवल्या तर हवा जमिनीवर पडन. जमिनीवर कोण बसते तिथं?

…विचार चंपतभाऊले. काऊन म्हणले असं. काई तरी बोलले असतील ना ते. ह्याईले बोलल्याशिवाय जमतच नव्हतं… विचार तू. मी हाये. ठेवत नाई.

…हं… खाली बसले? दुकानात?… पत्र्यांमध्ये, मांडी घालून?… आणि?

परत सांग.

हात असे असे करून… भाकर थापतात तसे. आणि म्हणले, एवढ्या उंचीवर तोंड येते, तिथं हवा लागली पायजे. चुलीले नाई लागली पायजे… चंपतभाऊ हसले त्याईले. म्हणले, सार, तुमी तर पाटलीणबाई दिसून राह्यले… हं.

हायेस का? अक्का, थांब जराशी. मी मोजून येते. ठेवू नको फोन, बाजूले ठेवते मी… आत्याबाई, दिव्याकडं लक्ष द्या. हो, आलेच. फूटपट्टी कुठं गेली… हो, सापडली.

…

हॅलो, अक्का. हायेस?… सैपाकघराची खिडकी मोजून आले. चुलीच्या वरची… दीड बाय दीड. सुताइतका बी फरक नाई. चौकटीवर पेन्सिलची खूण हाये. चारी कोपऱ्याले. उजवीकडं बाणाची खूण करून लिहिलं हाये, रांजण. उजव्या हाताले रांजण हाये ना आपला, तिथून तांब्यानं पाणी टाकता येईन म्हणून… रोज त्या खिडकीखाली सैपाक करत होते मी. काजळी धरली त्याच्यावर. दिसलंच नाई. पुसून पाह्यलं तवा दिसलं.

चुकले नव्हते ते.

…हो.

…हं, ऐकून राह्यले. बोल.

नाई, परत नको करू. अठरा बी नको. हाच पायजे. बारा इंचीच… हो, परीक्षेचं. परीक्षेचंच सांगते, ऐक ना. सैपाकघर आठ बाय सात हाये. एवढ्याशा खोलीले बारा इंची बरोबर. मोठा लावला तर उलटा ओल करन. मशीनच तिकडं नेते मी… चूल बंद हाये ना सुतकात. राख बी थंडी झाली. पाच दिवस झाले, तिथं कोणी फुंकर घातली नाई. मागचं दार उघडं ठेवते, हवा जाईन तिकडून. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी थोडं थोडंच सोडीन. दिवा इकडं, मधलं दार लावलेलं. तिकडचा वारा इकडं येतच नाई.

वायर लांबवून घेते. मशीन टेबलावर नाई ठेवत, पाटावर ठेवते. पोरी खाली मांडी घालून बसतील. हवा जिथं पडते तिथंच… हो, तिथंच. चपला तर क्लासमध्ये बी बाहेरच काढत होत्या, धूळ नको म्हणून. सैपाकघरात तर काढतातच.

लोक म्हणतील?… सुतकाच्या घरात जाऊन आल्या म्हणून पोरी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतील. त्याईच्या मायांनी आधीच सांगतलं मले, परीक्षा होऊ द्या मेडम, आंघोळीचं आमी पाहू.

थांब, आत्याबाईले विचारते. त्याईच्या घरात त्याईले न विचारता नको… आत्याबाई… आत्याबाई, मी म्हणलं, मशीन सैपाकघरात नेऊ का? सोमवारपुरती. पोरींची परीक्षा… हो, चुलीपाशी… कूलर येऊन राह्यला. तुमच्या पोरानं सांगून ठेवला होता… नाई, ह्या खोलीसाठी नाई. सैपाकघरासाठी… माह्यासाठी.

…अक्का, त्या पिठाकडं पाहून राह्यल्या… थांब. काय म्हणता, आत्याबाई?… हं. बरं.

म्हणल्या, चूल तर थंडीच हाये, ने. आणि म्हणल्या, त्याचा बाप असाच होता, सांगत नव्हता काई.

तर पाठव. दुपारच्या बोथच्या बसच्या टपावर टाकायले लाव. दोरी दोन्हीकडून बांधा म्हणा, गुडीहत्नूरपासून रस्ता लय खराब हाये. ताट्या वेगळ्या बांध, चेंगरतील. घोडी बी पाठव. पाच फुटाची. कापू नका म्हणा… तीच पायजे, तेवढीच.

आणि चंपतभाऊले सांग… काई नको सांगू. बरं म्हणाव.

हो, ठेव मंग. तुह्या घरचे बी वाट पाहत असतील… अक्का, एक मिनिट. कसे बसले होते म्हणले ते? मांडी घालून की उकिडवे?… विचार ना. तेवढं विचार.

मांडी घालून. एक पाय बाहेर काढून… हो, मी तशीच बसते. डावा गुडघा दुखते ना माह्या. बाहेर काढून बसते… ह्याईनं कवा पाह्यलं? मी असताना सैपाकघरात तर कधी पाऊल टाकत नव्हते. दारातूनच म्हणत, झालं का.

दारातून पाहत असतील.

मी दोन दिवस बोलले नाई, अक्का. त्याच दोन दिवसांत हे आदिलाबादले गेले आणि खाली बसून दाखवून आले. आणि मले म्हणले नाईत. एक शब्द. मी म्हणलं असतं काई तरी. मी चांगलं बोलले असते… मीठ-तेल आणा म्हणलं मी. तेच म्हणलं.

…

हो. रडू येऊन राह्यलं… हो, आता येऊन राह्यलं. तू ठेवू नको. मी ठेव म्हणलं होतं, पण ठेवू नको. काई बी बोल… लेकरांचं बोल. काय केलं आज सैपाकात, ते सांग. अंबाडीची भाजी?… सांग ना, कशी केली… नाई, ऐकू येते. बोल तू. अक्का, आवाज खरखर करते. अक्का?

हॅलो?… हॅलो… अक्का, मी ऐकून राह्यले, बोल… हॅलो?

…

लाइन गेली, आत्याबाई… नाई, दिवा हाये. तेल हाये अजून. तुमी बसा जराशा त्याच्यापाशी, मी सैपाकघरात जाऊन येते… नाई, काई आणायचं नाई. उगंच. चुलीपुढं बसते थोडा वेळ.